लेबलचा रंग

परवा लालबागच्या मेळ्यात जुन्या रेकॉर्ड्सचं एक खोकं उघडलं, तसा कव्हरच्या कुबट पुठ्ठ्याचा वास आला आणि मी सुदामा नगरच्या आमच्या लहानपणच्या घराच्या बैठकीत जाऊन पोचले.

बाबा शाळेत शिकवायचे, पण रेकॉर्डची पारख करून घ्यायला लोक लांबून त्यांच्याकडे यायचे. त्या दुपारी उज्जैनचे एक गृहस्थ आले होते. बाबांनी रेकॉर्डच्या कडेवरून अंगठा फिरवला, कव्हरचे कोपरे चाचपले.

"पहिलं प्रेसिंग आहे. सांभाळून ठेवा."

मी चहा घेऊन उभी होते. सगळ्यात आधी निघालेल्या त्या खेपेलाच खरी किंमत, आणि तिचं लेबल लाल असतं, हे बाबांनीच मला शिकवलं होतं. हे तर काळं होतं.

"बाबा, लेबल बघा ना," मी हळूच म्हणाले.

त्यांनी रेकॉर्ड डोळ्यांजवळ नेली, मग खिडकीकडे धरली. "कोणता रंग आहे गं?"

मी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला.

"काळा."

"मग नंतरचं आहे, भाईसाब. माझीच गलती झाली."

"बिटिया पण पारखी दिसते," गृहस्थ हसून म्हणाले.

बाबाही हसले. चहा घ्यायला पुढे केलेला त्यांचा हात कपाच्या शेजारून रिकामाच गेला. मी कप त्यांच्या हातात दिला. परक्यासमोर आपण त्यांना उघडं पाडलं, याचीच मला भीती वाटत होती. किती महिने ते एकटेच घाबरत होते, हे आज कळतं. कप घेतल्यावरही त्यांनी दुसऱ्या हाताने धरलेलं माझं मनगट सोडलं नव्हतं.