म्हसोबाच्या कोंबड्याची पिसं

धुळ्यात माझ्यासारखी काजं करणारा दुसरा शिंपी नाही, असं कुणी म्हटलं की मी हरभऱ्याच्या झाडावर चढलोच म्हणून समजा. पाटबंधाऱ्याचा गोरा साहेब नेमकं तेच म्हणाला. रजेत तो काश्मीरला मासे धरायला जाणार होता. गळाला खरा किडा लावायचा नाही, पिसांची खोटी माशी लावायची, आणि ती पाण्यावर तरंगायला हवी. लढाईमुळे विलायतेहून तसल्या माशा येईनात. त्यानं एक जुनी नमुन्याला दिली. म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना!

कसलं एवढंच! गव्हाएवढा गळ चिमट्यात धरायचा, त्यावर मेण लावलेला रेशमी दोरा गुंडाळायचा, मग कोंबड्याच्या मानेचं पीस असं फिरवायचं की त्याचे तंतू चहूबाजूंनी ताठ उभे राहावेत. परातीत पाणी घेऊन मी माशी सोडून बघायचो. कोंबडीची पिसं भिजून बुडायची. बाजारातल्या कोंबड्यांचीही तीच तऱ्हा. आठ दिवस डोकं उठलं.

ताठ पिसांचा एक लाल कोंबडा आमच्याच अंगणात होता. लेक तापानं फणफणली तेव्हा बायकोनं तो म्हसोबाला बोलला होता. लेक बरी झाली, रविवारी नवस फेडायचा होता. बायको पांझरेवर धुणं घेऊन गेली आणि मी त्याच्या मानेची मूठभर पिसं उपटली. कापायचाच आहे, पिसांना कोण विचारतो? सहा माशा बांधल्या, सहाही तरंगल्या. साहेब खूश, मी त्याहून खूश.

बायकोनं ती उघडी मान पाहिली आणि धुणं तसंच खाली ठेवलं. "हाऊ देवना कोंबडा शे!" एवढंच म्हणाली. खोट असलेला कोंबडा देवाला चालत नाही, आणि बोललेला बदलता येत नाही. पिसं उगवेपर्यंत थांबणं आलं. मी हसण्यावारी नेलं. माझा कुठे विश्वास होता!

पंधरा दिवसांनी लेकीला पुन्हा ताप भरला. आग लागो त्या माशांना! माझी पाचावर धारण बसली. तिसऱ्या दिवशी मीच बायकोला म्हणालो, "चल, म्हसोबापुढे नाक घासतो. चूक माझी आहे."

ती लेकीच्या कपाळावरची पट्टी बदलत राहिली. मग म्हणाली, की ताप भरला त्याच दिवशी ती एकटी म्हसोबाला जाऊन आली होती. माझं नाव तिनं घेतलंच नव्हतं. पिसं आपणच उपटली, काय शिक्षा द्यायची ती आपल्याला दे, असं देवाला सांगून आली होती.

लेक वाचली. कोंबड्याची मान भरल्यावर नवसही फिटला. पण अजून बायको जरा खोकली तरी माझ्या हातातली सुई थांबते, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसतो.