हेस्केथदादाचं डावं घर

पाव भाजणाऱ्या माणसाचं डोळ्यांवाचून फारसं अडत नाही. पीठ किती मळलं ते तळव्याला कळतं. भट्टी किती तापली ते तोंडाशी हात धरला की कळतं. पाव झाला की नाही हे तो बुडावर टिचकी मारून ओळखतो. हेस्केथ जार्विसची नजर जात होती आणि आठ महिने आमच्यापैकी कुणालाच ते समजलं नाही, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण आम्ही स्वतःच.

तीस वर्षांपूर्वी मी आमच्या बेटाच्या राजधानीत, सेंट जॉन्सला, बंदराच्या कचेरीत लागलो आणि बेथेस्डा गावात जार्विसांच्या भट्टीमागची खोली घेतली. पहिल्याच आठवड्यात हेस्केथची बायको, ओरिथावहिनी, दारात येऊन उभ्या राहिल्या. "मिस्टर वेस्टन, भिंतींकडे बघत बसायला लग्न झालेली माणसं असतात. तुम्ही आमच्या गॅलरीत या."

गेलो, आणि रोजच जाऊ लागलो. पाच वाजता शेवटचा पाव विकला गेला की हेस्केथदादा हात धुऊन वॉरीचा पट काढायचा. लाकडात कोरलेली बारा घरं, सहा आपली, सहा समोरच्याची. प्रत्येक घरात चार सागरगोटे, दादाने स्वतः किनाऱ्यावरून वेचून आणलेले. एका घरातले सगळे गोटे उचलायचे आणि पुढच्या घरांत एकेक टाकत जायचं. शेवटचा गोटा समोरच्याच्या घरात पडून तिथे दोन किंवा तीन झाले, की ते आपले. पंचवीस जमले की डाव जिंकला.

रोज एकच डाव व्हायचा. एका बाजूला कायम हेस्केथदादा, दुसऱ्या बाजूला पाळीपाळीने वहिनी, मी आणि त्यांची मुलगी व्हर्लिन. ती तेव्हा चार वर्षांची होती आणि गोटे तोंडात घालायची. घराचे नियम दोन. पहिला दादाच्या वडिलांचा, हात लावला की खेळलं. म्हणजे गोटे डोळ्यांनीच मोजायचे, बोट लागलं की ते घर उचलावंच लागायचं. दुसरा वहिनींचा. जिंकेल त्याने वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाचं एक प्रकरण वाचायचं आणि हरेल त्याने गोष्ट सांगायची. गोष्टी आमच्याकडच्या जुन्याच, कोळ्याच्या. आठ पायांचा तो लबाड जो वाघालाही खोगीर घालतो.

या व्यवस्थेत एक घोळ होता. हेस्केथदादासारखी गोष्ट सांगणारा आसपासच्या पाच गावांत नव्हता, पण तो हरायचाच नाही. त्यामुळे वाचायचा तोच, बाजाराची यादी वाचावी तसा. आणि गोष्ट सांगायचो आम्ही. माझी गोष्ट ऐकून एकदा वहिनी म्हणाल्या होत्या, "मिस्टर वेस्टन, तुमचा कोळी कचेरीत कामाला आहे का? किती शिस्तीत वागतो." म्हणून दादा महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या दिवशी हरला, की व्हर्लिन शेजारच्यांना हाक मारून बोलवायची.

ती बारा वर्षांची झाली त्या वर्षी दादा सारखा हरायला लागला.

आम्ही खूश झालो, हे मला कबूल केलंच पाहिजे. रोज गोष्ट. गॅलरीच्या पायऱ्यांवर माणसं बसू लागली. तो मुद्दाम हरतो यावर सगळ्यांचं एकमत होतं. वहिनी चिडवायच्या, "मिस्टर जार्विस, म्हातारपणी लोकांच्या टाळ्या गोड लागायला लागल्या वाटतं?" तो हसायचा आणि कोळ्याला झाडावर चढवायचा. मीही त्याला सलग नऊ वेळा हरवलं आणि दर वेळी मनात म्हटलं, किती दिलदार माणूस आहे हा.

एका शनिवारी मी पाव घ्यायला गेलो, तर व्हर्लिनने मला भट्टीच्या आडोशाला ओढलं.

"अंकल, पपा मुद्दाम हरत नाहीत."

"तुला काय माहीत?"

"मुद्दाम हरणारा कुठूनही हरेल. पपा फक्त डाव्या टोकाच्या घरातून हरतात. तिथे एक गोटा राहिला की ते विसरतात आणि आपण नेतो. काल मी मुद्दाम त्यांचं तेच घर भरू दिलं. बारा गोटे होते. उचलले असते तर डाव त्यांचा होता. त्यांनी तिकडे बघितलंच नाही."

मी जिंकलेले नऊ डाव आठवले. प्रत्येक वेळी पहिले गोटे मी त्याच घरातून नेले होते.

व्हर्लिनने हे वहिनींनाही सांगितलं, आणि त्या संध्याकाळी वहिनींनी पट काढू दिला नाही. त्या दादाच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि हात वर केला. "मी काय करतेय?"

"उभी आहेस," दादा समोर बघत म्हणाला.

"हात वर आहे माझा."

त्याने मान वळवून त्यांचा हात शोधला. मग म्हणाला, "दिवाळखोर डोळा आहे, ओरिथा. कडेकडेनं दुकान बंद करत चाललाय."

त्याला माहीत होतं. हरल्यावर पुस्तक हातात घ्यावं लागत नाही, अक्षरं सापडत नाहीत हे कुणाला दिसत नाही, म्हणून तो त्या हरण्याच्या आडोशाला राहिला होता. त्याच्या वडिलांचेही डोळे असेच गेले होते. शेवटची सहा वर्षं ते दाराशी खुर्चीत बसून होते, आणि पट फळीवर होता. "मला ती खुर्ची नको," एवढंच तो म्हणाला.

सोमवारी मी रजा काढली आणि आम्ही त्याला सेंट जॉन्सला नेलं. डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, पण रोज न चुकता थेंब घातले तर उरलेली टिकेल. "अजून वर्षभर थांबला असता, तर मी काही करू शकले नसते," त्या म्हणाल्या. बाहेर येऊन वहिनींनी व्हर्लिनचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

थेंब सुरू झाले, पण दादा पटावर बसेना. दोन आठवडे गेले.

"तुम्ही मला जिंकू द्याल," तो म्हणाला. "तुमचा विश्वास नाही मला."

"मग हातानं मोजा," वहिनी म्हणाल्या.

"हात लावला की खेळलं. माझ्या बापाचा नियम आहे."

"तुमच्या वडिलांशी शेवटी कुणी खेळलं नाही, मिस्टर जार्विस, ते या नियमापायीच. मी नवी सून होते, बोलले नाही. आता बोलते. आजपासून या पटावर सगळ्यांनी हातानं मोजायचं. मी, व्हर्लिन, मिस्टर वेस्टन, सगळ्यांनी. कुणाला सवलत नाही."

पाळी माझी होती. दादाने डाव्या टोकापासून मोजायला सुरुवात केली. एकेका घरात बोटं घालून, पीठ नीट मळलंय का ते चाचपावं तशी. प्रत्येक चालीला त्याला पाच मिनिटं लागली. मला घाम फुटला, कारण मला हाताने मोजायची सवय नव्हती आणि मी दोनदा चुकलो. अठ्ठावीस गोटे त्याचे झाले. मी त्याला जिंकू दिलं नव्हतं. माझा चेहराच ते सांगत होता, असं वहिनी नंतर म्हणाल्या.

त्याने पुस्तक घेतलं, क्षणभर मांडीवर ठेवलं आणि व्हर्लिनकडे दिलं. "प्रकरण माझं आहे. आवाज तुझा दे."

तिने वाचलं. मग माझी गोष्ट. माझा कोळी पाव चोरायला भट्टीत शिरला, मागून कुणीतरी झाकण लावलं, आणि पुढचं मला सुचेना.

"वेस्टन, आत जाळ आहे," हेस्केथदादा म्हणाला. "त्याला बाहेर काढ."

"कसा काढू?"

"जिंकणाऱ्यानं गोष्ट सांगायची नाही," व्हर्लिनने बजावलं.

"आज एक नियम मोडलाच आहे," तो म्हणाला, आणि खुर्ची पटाजवळ ओढून त्याने माझ्या कोळ्याला बाहेर काढायला घेतलं.