पिंजरामुक्त

अंड्यांच्या खोक्यावर 'पिंजरामुक्त' असं छापलेलं होतं आणि खाली हिरव्या गवतात दाणे टिपणारी कोंबडी. मी डहाणूला शाळेत शिकवते. छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवायची मला खोडच आहे. स्टाफरूममध्ये मी त्या खोक्याचं इतकं कौतुक केलं, की मी आले की लोक उठून जायला लागले.

आमच्या शाळेतल्या शिपाई मावशी तलासरीकडच्या एका पाड्यावरून येतात. ती अंडी त्यांच्या पाड्याशेजारच्या पोल्ट्रीच्या शेडमधलीच निघाली. "बाई, एकदा येऊन बघा," त्या म्हणाल्या. रविवारी गेले.

शेडमध्ये पिंजरा खरंच नव्हता. गवतही नव्हतं. पाय ठेवायला जागा नाही इतक्या कोंबड्या, चोचींचे शेंडे कापलेले, वासाने डोळे चुरचुरत होते. कोपऱ्यात आठ-दहा जणी एकीवर तुटून पडल्या होत्या. तिची पाठ सोललेली होती आणि त्या थोट्या चोचींनी त्या तिचं मांस ओढत होत्या. ती जिवंत होती. माझं डोकंच फिरलं. मी तिथल्या सुपरवायझरवर ओरडले.

"मॅडम, खोक्यावर काय लिहिलंय? पिंजरा नाही. दिसतोय का कुठे पिंजरा?"

तो खोटं बोलत नव्हता. ऊन, गवत, मोकळं अंगण, हे सगळं चित्र बघून मीच त्या एका शब्दात भरलं होतं. स्वतःचाच इतका संताप आला, की आत घुसून मी ती कोंबडी उचलली. "न्या, मरणारच आहे," तो म्हणाला.

मावशींनी घरी तिच्या पाठीला हळद लावली आणि आपल्या अंगणात तिला टोपलीखाली डाललं. "चार दिस अशीच ठेवायची. घरच्या कोंबड्यांना वळख पडली की मग सोडायची." त्या पाण्याला गेल्या. टोपलीच्या फटीतून तिचा डोळा दिसत होता. मला बघवेना. मी टोपली उचलली.

घरच्या कोंबड्यांच्या चोची अख्ख्या होत्या. त्यांनी तिचा डोळा फोडला, पाठ पुन्हा उघडी केली. ती पळालीसुद्धा नाही. मी चप्पल फेकली, लाथा झाडल्या, रडले. मावशी हंडा टाकून धावत आल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी कोंबडी उचलून चाचपली.

"आता हाल नकोत. तुम्ही पाय धरा."

मी धरले. त्यांनी मान पिरगळली, तेव्हा ती माझ्या हातातून सुटायला धडपडत होती.