‘आपण दोघी’ म्हणजे कोण

आमच्या शेजारणीला सगळे बॅगवाली म्हणतात. खरं नाव लग्नपत्रिकेत छापलं होतं म्हणे. त्यानंतर ते कुणाला लागलेलं नाही. घराच्या पुढच्या खोलीत तिचं बॅगा दुरुस्त करायचं दुकान. चेन अडकली, रनर निसटला, चाक मोडलं, हँडल हातात आलं, की लोक तिच्याकडे धावतात. मागे संसार, आणि त्याच्याही मागे एक चिंचोळी खोली, जी ती बाहेरदेशातून शिकायला येणाऱ्या मुलींना राहायला देते. आमची आणि तिची भिंत एकच. बांधणाऱ्यानं ती विटांची बांधली की पुठ्ठ्याची, त्यालाच ठाऊक. त्यामुळे पुढे जे सांगतेय ते मी काही मुद्दाम कान लावून ऐकलेलं नाही. थोडंसं लावून ऐकलं.

बाईच्या पायाला भिंगरी, पण ती फिरायची जागच्या जागी. मशीनवर बसली की लगेच उठणार, दारात जाऊन रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघणार, जणू कुणी तिला न्यायला येणार होतं आणि त्याला उशीर झालाय. घरातल्या दिवाणाची जागा सारखी बदलायची. नवरा एकदा सवयीनं बसायला गेला तो थेट फरशीवर. हे गृहस्थ तिच्या अगदी उलट. शीतगृहात रखवालदार होते. नोकरी संपली, पण बसणं चालू आहे. ती त्यांच्या तोंडावर त्यांना ‘आमचं फर्निचर’ म्हणते आणि ते शांतपणे मान डोलावतात.

जगभर फिरून आलेल्या बॅगा शेवटी तिच्या मांडीवर येतात. अस्तरात समुद्राची वाळू, खिशात परकं नाणं, कुठल्याशा हॉटेलातला साबणाचा तुकडा. ती सगळं काढून बाजूला ठेवते आणि गिऱ्हाईक आलं की विचारते, हे कुठलं? गिऱ्हाईक ऐटीत सांगतं. ती ऐकते, आणि मग दोरा जरा जास्तच जोरात ओढते. स्वतः तिचा प्रवास म्हणजे माहेर ते सासर, आणि ही दोन्ही एकाच बसच्या वाटेवर. आलेल्या प्रत्येक मुलीला ती आधी एकच प्रश्न विचारायची, तुझ्या घरापासून इथवर यायला काय काय लागलं. मुली सांगायच्या, राहायच्या, जायच्या. हिच्याकडे चादरी धुवायला उरायच्या.

मागच्या साली आली ती फार उंच होती. दारातून येताना दर वेळी अशी वाकायची की मला उगाच मान मिळाल्यासारखं वाटायचं. आम्ही तिला पाहुणी म्हणायला लागलो. आपली भाषा शिकायला आलेली. आपली म्हणजे तुमची-माझी. काखेत जाडजूड व्याकरण. पहिल्याच आठवड्यात जेवण झाल्यावर तिनं ताट उचललं आणि पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवलं, आम्ही जेवलो. जेवायला तिघंच, ती, बॅगवाली आणि फर्निचर. बॅगवालीनं तिला तिथल्या तिथे फैलावर घेतलं. आम्ही काय आम्ही? आम्ही म्हणायचं ते समोरच्याला वगळून. एका छपराखाली राहतो ना, मग आपण म्हण. आपण जेवलो. परत आम्ही ऐकू आलं तर उपाशी ठेवीन.

पोर सरळ स्वभावाची. तिच्या भाषेत या दोन्हींना शब्द एकच, त्यामुळे तिला वाटलं की आम्ही हा शब्दच उद्धट आहे. तिनं तो टाकला तो कायमचा, घरातही आणि घराबाहेरही. आम्हाला कुणाला ते कळलंच नाही, कारण चूक कानाला गोड लागली की कुणी दुरुस्त करत नाही.

आणि मग सुट्टी जवळ आली. पाहुणी दुकानाच्या उंबऱ्यात बसून बुटाची नाडी बांधत होती. ती म्हणाली, “काकू, सुट्टीत आपण दोघी घरी जाऊ. माझ्या घरी. आई वाट बघतेय.”

 त्या दुपारी बॅगवालीनं औषधं विकत फिरणाऱ्या एका विक्रेत्याच्या बॅगेचा खिसा तोंडासकट शिवून टाकला. तो बिचारा नंतर आमच्या ओट्यावर बसून खिसा शोधत होता.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली, बसली नाही, स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात करत राहिली. शेवटी म्हणाली की पासपोर्टच्या फोटोत कान दिसावे लागतात का. मी म्हटलं, तुझे कान दिसले काय नि न दिसले काय, तुला कोण नेतंय. तर म्हणाली, पाहुणी नेतेय. मी हातातली कढई खाली ठेवली.

पुढचे दिवस काय सांगू. फोटो काढले; त्यात ती अशी दिसते की जणू फोटोवाल्यानंच तिच्या बॅगेचं चाक पळवलंय. चौकशीला माणूस आला तेव्हा साक्षीला मीच. त्यानं विचारलं, बाईंचं चारित्र्य कसं आहे? मी म्हटलं, चारित्र्य उत्तम आहे, बूड तेवढं स्थिर नाही. बॅगवालीनं मला असा चिमटा काढला की सही वाकडी आली. पासपोर्ट हातात आल्यावर तिनं तो पिठाच्या डब्यामागे ठेवला, मग कपाटात, मग उशीखाली, आणि रोज जागा बदलल्यामुळे रोज हरवला.

दुकानात कुणीतरी दुरुस्तीला टाकून विसरलेली एक निळी बॅग होती. तिला नवी चाकं लागली, नवा रनर लागला, कोपऱ्यांना चामडं. मग सराव सुरू झाला. सकाळी दूधवाल्याच्या वेळेला बाई रिकामी बॅग ओढत गल्लीच्या टोकापर्यंत जायची आणि वळून यायची. चाकांचा आवाज आला की आम्ही म्हणायचो, निघालं विमान. ती हसायची नाही. गिऱ्हाइकांच्या बॅगा भिंतीला टेकून पडल्या होत्या. फर्निचरनं एकदाच विचारलं, माझ्या जेवणाचं काय? तिनं सांगितलं, भिंतीपलीकडे ओरडा. म्हणजे मी. मला न विचारता मला देऊन टाकलं.

पाहुणीला यातलं काही उमजलं नव्हतं. तिला वाटलं, काकू कामासाठी बॅगा तपासतेय. आणि बॅगवालीनं विषय काढला नाही. दृष्ट लागेल म्हणून, किंवा परत विचारलं तर पोरीचं मन बदलेल या भीतीनं.

मला कळलं ते असं. पाहुणी आमच्या गॅलरीत टॉवेल वाळत घालायला यायची, तिथे ऊन चांगलं पडतं. टॉवेल झटकत म्हणाली, मावशी, काल आपण सिनेमाला गेलो, आपल्याला खूप आवडला. मी म्हटलं, बाई गं, मी कधी गेले, मला तर उठवलंही नाहीस. ती हसली. म्हणाली, तुम्ही नाही, आपण, म्हणजे मी आणि वर्गातली माझी मैत्रीण. आपण एकाच गावच्या. सुट्टीत एकाच विमानानं जाणार.

माझ्या तोंडातलं हसू तोंडातच राहिलं. मी विचारलं, आपण दोघी म्हणजे तुम्ही दोघी? ती म्हणाली, हो, आपण दोघी. आता माझ्या पोटात काही ठरत नाही हे गल्लीला माहीत आहे. कुणाच्या सुनेला दिवस गेले तर सासूच्या आधी मला कळतं आणि सासूला माझ्याकडून. पण ही बातमी पोटात दगडासारखी बसली. बॅगवालीला सांगायला गेले, तर ती निळ्या बॅगेच्या आतल्या पट्ट्यांना बक्कल लावत होती. मी साखर मागून परत आले. घरात साखर होती.

शेवटी पाहुणीलाच धरलं. तिला दोन्ही शब्द समजावले, कोण आत आणि कोण बाहेर. ती हळूहळू खाली बसली. दूधवाला, फोटो, चाकं, सगळं तिच्या चेहऱ्यावरून एकेक करून गेलं. मी म्हटलं, मी सांगते हवं तर, गोडीगुलाबीनं. ती म्हणाली, नको, मी सांगते. गोडीगुलाबी काय असतं, तिनं विचारलंही नाही.

त्याच संध्याकाळी मशीनचा आवाज थांबला. मी भिंतीशी होते.

“काकू, आम्ही दोघी जाणार आहोत.”

“आम्ही म्हणजे?”

“मी आणि माझी मैत्रीण. तुम्ही नाही.”

घुमवून-फिरवून सांगण्याइतकी भाषा तिच्याकडे नव्हती.  फर्निचर एकदा खोकलं.

“बरं,” बॅगवाली म्हणाली. “मग आता सरळ विचारते. मी आले तर?”

“आमच्याकडे एकच खोली आहे. आई पलंगावर, मी खाली.”

“मी पण खाली झोपते. मला कुठेही झोप लागते.”

“नाही, काकू.”

“का नाही?”

“आई आजारी आहे. तिला कुणी बघितलेलं आवडत नाही. मला बघायला जायचंय, फिरायला नाही.”

मग मशीन पुन्हा सुरू झालं. थोड्या वेळानं आवाज आला, तुझी बॅग आण इकडे, तिची चेन खालून सुटतेय, वाटेत उघडली म्हणजे आईसाठी घेतलेलं सांडेल. मी भिंतीपासून उठले. गुडघे आखडले होते, असं म्हणून डोळे पुसले.

त्यानंतर बाई फार वाईट वागली, म्हणजे फार चांगली. तुंबलेल्या सगळ्या बॅगा संपवल्या. दिवाण खिडकीशी नेला, परत आणला. गल्लीत कुणी विमान म्हटलं तर स्वतःच म्हणायची, रद्द झालं, हवामान खराब. पण रोज दारात जाऊन रस्त्याची दोन्ही टोकं बघायची ती आता बघेना. पाठ करून बसायची. ते मला बघवत नव्हतं. मी मुद्दाम चिडवायला गेले, बॅगवाले, तुझे कान फुकट दिसले फोटोत. तर म्हणाली, हो ना. एवढंच. भांडलीसुद्धा नाही.

पाहुणी निघाली त्या दिवशी टॅक्सीत तिच्याबरोबर बॅगवालीही बसली, सोडायला. मांडीवर निळी बॅग. मी म्हटलं, ही कशाला? म्हणाली, विमानतळावर मोकळ्या हातानं जायला लाज वाटते. बॅग उचलून ठेवायला मी मदत केली. रिकामी नव्हती.

पाहुणीनं नंतर फोनवर सांगितलं ते असं. काचेच्या दारापाशी पहारेकऱ्यानं बॅगवालीला तिकीट विचारलं. तिनं पासपोर्ट दाखवला. तो म्हणाला, तिकीट, बाई. ती म्हणाली, तिकीट नाही, पण पासपोर्ट बघा ना, नवा आहे. त्यानं बघितला, चाळला, कोरी पानं होती तशी परत दिली. ती पाहुणीला म्हणाली, आईला सांग, बॅगेची चेन आता दहा वर्षं हलणार नाही. मग मागे सरकून उभी राहिली, आणि आत गेलेल्या पोरीनं वळून पाहिलं तेव्हा तिथे नव्हती.

संध्याकाळ झाली तरी टॅक्सी परत आली नाही. फर्निचर पहिल्यांदा आपण होऊन आमच्या दारात आलं आणि म्हणालं, ही कुठे आहे? तेवढ्यात माझा फोन वाजला. मागे गाड्यांचा गलका.

“अगं, दुकानाच्या कुलपाकडे जरा लक्ष ठेव.”

“कुठे आहेस तू?”

“विमानतळाबाहेर बसगाड्या लागलेल्या असतात. रिकामी दिसली तिच्यात बसले. इथे उतरले.”

“इथे म्हणजे कुठे?”

“पाटी अजून वाचली नाही. बरं दिसतंय. खोली मिळालीय. उद्या इथून पुढे कुठली गाडी जाते बघते.”

परत कधी येणार, हे मी विचारणार होते. विचारलं नाही. फोन ठेवून वळले तर फर्निचर उभं, आणि त्यांच्या मागे तो औषधं विकणारा, हातात बॅग. या वेळी रनर निघाला होता आणि पहाटे त्याला निघायचं होतं. म्हणाला, बॅगवाली कुठेय? मी म्हटलं, बाहेरगावी.

तो म्हणाला, ती? ती कुठे जाते?

तिनं जाताना माझ्याकडे ठेवलेली दुकानाची किल्ली फर्निचरनं मागितली. दार उघडलं, दिवा लावला, खण उघडून त्यातले रनर हाताळायला लागलं. यातला कुठला बसतो, म्हणून मला विचारलं. मला काय माहीत. आम्ही तिघं त्या खणात डोकं घालून शोधत बसलो.