सरळ बोल

"सरळ बोल," असं म्हणताना गुरुजी उजव्या हाताची दोन बोटं हवेत डावीकडून उजवीकडे नेत. बोटांत खडू नसे, तरी असल्यासारखीच ती धरलेली असत. समोरचा माणूस ती रेघ पूर्ण होईपर्यंत गप्प राही आणि मग तेच वाक्य पहिल्यापासून, पुस्तकातल्या मराठीत म्हणे. शाळेतली मुलं म्हणत, मुलांचे आईबाप म्हणत. सुरतेच्या लिंबायत भागातला एक रिक्षावाला भाडं सांगता सांगता थांबला आणि त्याने वाक्य दुरुस्त करून भाडं पुन्हा सांगितलं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

तुम्हीही असे शिक्षक पाहिले असतील. ते निवृत्त होतात, पण त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचा वर्ग काही सुटत नाही.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो बातमीसाठी. सुरतेतल्या एका मराठी शाळेचे वर्ग मुलांअभावी बंद होत होते आणि गुरुजींची सगळी नोकरी त्याच शाळेत गेली होती. मला दोन ओळींची प्रतिक्रिया हवी होती. त्यांनी ती दिली, माझ्या वहीत मी काय उतरवलं ते मागून घेतलं, एक विरामचिन्ह बदललं आणि वही परत केली. मग म्हणाले, "तुम्ही कुठले?"

"परभणीचा."

"मग तुम्हाला अहिराणी येत नसेल."

"नाही."

"बरं आहे," ते म्हणाले. बरं का आहे, ते मला पुढे वर्षभराने कळलं.

लिंबायतच्या त्या गल्ल्यांत खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला आलेली माणसं राहतात. त्यांची घरची बोली अहिराणी. गुरुजी स्वतः धुळ्याकडचे, त्याच बोलीत वाढलेले. पण शाळेत ती चालायची नाही, हा त्यांचा पहिला नियम होता. पहिलीतल्या मुलाने "गुरुजी, मी पानी पेवाले जाऊ?" असं विचारलं, की गुरुजी त्याच सुरात म्हणायचे, "पेवाले जाय, आनि मंग तठेच ऱ्हाय." वर्ग हसे. त्या मुलाला पुन्हा कधी तहान लागत नसे. त्यांनी मुलांवर हात उगारला नाही, असं सगळेच सांगतात. त्याची गरज पडली नव्हती.

पालकसभेत ते आयांना सांगत, "घरी असं बोलाल तर पोरं मागे पडतील. येत असेल तर सरळ मराठी बोला, नाहीतर त्यांच्याशी बोलू नका." यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. परक्या राज्यात, परक्या भाषेच्या शहरात मराठी टिकवायची तर ती नीटनेटकी, धुतलेली, इस्त्री केलेली हवी, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत असे. आयांनी त्यांचं ऐकलं. पुस्तकातली मराठी त्यांना गुरुजींपुढे बोलण्यापुरतीच जमे. मुलांशी चोवीस तास कोण तसं बोलणार? म्हणून त्या मुलांशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलू लागल्या. ती मुलं मोठी झाली. त्यांनी आपली मुलं गुजराती शाळेत घातली, काहींनी हिंदी, काहींनी इंग्रजी. मराठी शाळेचे वर्ग रिकामे होत गेले. मी बातमीत कारणं दिली होती ती वेगळी होती: पालकांचा कल, रोजगार, सरकारी धोरण. ती कारणंही खरीच होती.

शाळा आवरताना कपाटात कोरी हजेरीपत्रकं निघाली. गुरुजींनी त्यातलं एक मागून घरी आणलं. मुलांच्या नावांच्या रकान्यात त्यांनी शब्द लिहिले. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी, आठे म्हणजे इथे. आठवेल तसे, आठवेल त्या क्रमाने, वळणदार अक्षरात. पुढच्या चौकोनांत महिने. महिनाअखेरीस ते हजेरी घेत. त्या महिन्यात तो शब्द कुणाच्या तोंडून, न विचारता, स्वतःच्या कानांनी ऐकला असेल तर 'ह'. नाहीतर 'गै'.

मी ते हजेरीपत्रक पहिल्यांदा चाळलं तेव्हा पानांमागून पानं 'गै' होती.

"गल्लीत तर बायका बोलताना ऐकू येतात," मी म्हणालो.

"तुम्हाला ऐकू येतात. मी वळणावर दिसलो की थांबतात."

त्यांच्यासोबत दोनदा चालून मी खात्री केली. ओट्यावर बसलेल्या बायकांचा आवाज दुरून येई. शब्द मला कळत नसत, पण लय वेगळी आहे एवढं कळे. गुरुजी दिसले की डोक्यावर पदर जाई आणि एकेक बाई परीक्षेला बसल्यासारखी बोले, "नमस्कार गुरुजी. आपण बरे आहात ना?"

त्यांतल्या केवळबाईंची तीनही मुलं गुरुजींच्या हाताखाली शिकली होती. वय सत्तरीपुढे. भागात सगळ्यात जास्त अहिराणी त्यांच्याकडे आहे, लग्नातली गाणी, मयतातली रडगाणी, सगळी, असं गुरुजी सांगत. एकदा ते माझ्यादेखत त्यांना म्हणाले, "केवळबाई, माझ्यासमोर तुमच्या भाषेत बोला हो."

"तीच तर बोलते आहे, गुरुजी."

मग गुरुजींनी घसा साफ केला आणि स्वतःच सुरुवात केली. "कशी शेस व माय?" ते म्हणाले. कशी आहेस, एवढाच त्याचा अर्थ. केवळबाईंचा चेहरा पडला. त्यांनी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आता या वयात चिडवता का, गुरुजी?"

वर्गात मुलांची नक्कल करताना गुरुजी ज्या सुरात बोलत, तोच सूर होता. त्यांच्याकडे दुसरा उरलाच नव्हता.

घरी आल्यावर ते आपल्या आईबद्दल बोलले. एकदाच. आई त्यांच्याजवळ लिंबायतमध्येच दोन खोल्यांत राहत असे. संध्याकाळी मुलं शिकवणीला येत. "मी तिला सांगितलं होतं, पोरांसमोर बोलू नकोस. ती आतल्या खोलीत बसायची. मग सवयच लागली तिला. पोरं गेल्यावरही बोलायची नाही." मग म्हणाले, "लोक विचारतात, गुजरातीने आपली भाषा खाल्ली का. इथे परक्या भाषेचं राज्य माझ्या घरात आणि माझ्या वर्गात होतं. तिथला साहेब मी होतो."

हे छापू का, असं मी विचारलं. व्यवसायातला प्रश्न होता. ते म्हणाले, "छापा. पण सरळ लिहा."

मी ते छापलं नाही. त्याच आठवड्यात महाराष्ट्रातून आलेल्या बँकवाल्यांच्या, प्राध्यापकांच्या एका मंडळाने भाषा दिनाला त्यांचा सत्कार केला. सुरतेत मराठी जपणारा माणूस म्हणून शाल दिली. गुरुजींनी भाषण केलं नाही. शाल मात्र घडी न मोडता घरी आणली आणि हजेरीपत्रकाखाली ठेवली.

ओट्यावरून ऐकायची कल्पना त्यांचीच. दुपारी केवळबाईंच्या घरी चारपाच बायका जमत आणि साड्यांवर खडे चिकटवत. सुरतेतल्या अशा गल्ल्यांत हे घरोघरी चालणारं काम आहे. मधे साडी पसरलेली, डिंकाच्या बाटल्या, खड्यांच्या पुड्या, आणि हात चालू तसं तोंडही चालू.

"तुम्ही आत जा," गुरुजी मला म्हणाले. "पाणी मागा आणि गप्प बसा. तुम्हाला कळत नाही हे त्यांना माहीत आहे. त्या आपसात बोलतील. मी बाहेर ओट्यावर बसतो."

"आणि कुणी पाहिलं तर?"

"मी म्हातारा माणूस आहे. कुठेही बसू शकतो."

अहिराणी येत नाही हे बरं का आहे, ते तेव्हा कळलं.

मी आत गेलो. घरांतून होणाऱ्या या कामावर लिहायचं आहे, असं सांगितलं. ते खोटंही नव्हतं. पहिली पंधरा मिनिटं त्या माझ्याशी हिंदीत बोलल्या. मग मला विसरल्या. बाहेर, भिंतीला पाठ लावून, गुरुजी मांडीवर हजेरीपत्रक घेऊन बसले होते. दार उघडंच होतं.

केवळबाईंनी खडा नक्षी सोडून भलतीकडेच चिकटवला. शेजारची बाई खेकसली, "आठे लाव ना व माय, तठे कसाले लाई ऱ्हायनी?"

"माले आते दिखस का? एकना दोन दिखतस."

"मंग नवराबी दोन दिखतस का तुले?"

"दिखतस ना," केवळबाई मान वर न करता म्हणाल्या. "लई जाय एक तू."

बायका फुटल्या. एकीच्या हातून खड्यांची पुडी साडीभर सांडली. त्यातला एक नवरा तू घेऊन जा, हा अर्थ मला नंतर गुरुजींकडून कळला, तरी मीही हसलो. आणि त्याच वेळी बाहेरून हसू आलं. मोठं, खोकल्यात अडकलेलं, पुरुषाचं हसू. गुरुजींना हसताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यांचं त्यांना आवरेना.

आतलं हसणं बंद झालं. केवळबाईंनी डोक्यावरून पदर घेतला, बाकीच्यांनीही घेतला. केवळबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि दारात गेल्या.

"गुरुजी, आपण बाहेर का बसला आहात? आत या. चहा घेणार का?"

गुरुजी पेन हातात धरून त्यांच्याकडे पाहत होते. डोळ्यांतलं पाणी हसण्याचं होतं. निदान सुरुवातीला तरी.

"नको," ते म्हणाले. "तुम्ही बसा. तुमचं चालू द्या."

आत कुणी पुन्हा बोललं नाही. फक्त खडे दाबल्याचा बारीक आवाज येत राहिला. त्या महिन्यात सात शब्दांपुढे 'ह' पडला. नंतर कधी त्या घरापाशी गेलो, तर बायका बोलण्याआधी दाराबाहेर एकदा पाहून घेत. पुढे पुढे तर गुरुजी नसले तरी तिथे हिंदीच ऐकू येऊ लागली. ती बाहेर कुणीही बसलेलं असलं तरी चालत असे.

गुरुजी गेल्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळले. सुरतेबाहेर कामरेजला राहणारा त्यांचा मुलगा येऊन जाऊन असे. एका भेटीत गुरुजी मला म्हणाले, "केवळबाईंना विचाराल का? येऊन बसा म्हणावं. माझ्याशी बोलू नका. दुसऱ्या कुणाशी तरी बोला, मी डोळे मिटून घेईन."

मी निरोप जसाच्या तसा पोचवला. केवळबाई शेजारणीला घेऊन आल्या. पलंगापासून हातभर अंतरावर दोघी खाली बसल्या. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे डोळे मिटले. बऱ्याच वेळाने केवळबाई शेजारणीला म्हणाल्या, "गुरुजींची प्रकृती आता सुधारेल, नाही का?"

"होय. नक्कीच सुधारेल," शेजारीण म्हणाली.

गुरुजींनी डोळे उघडले नाहीत. चादरीवर त्यांचा उजवा हात होता. त्यातली दोन बोटं सरळ रेघेत ताणली आणि मग मुठीत मिटली.

बाहेर आल्यावर मी केवळबाईंना विचारलं, का बोलला नाहीत? त्यांना प्रश्न कळला नाही असं वाटलं. मग म्हणाल्या, "येतच नाही ना भाऊ. त्यांच्यासमोर तोंडात येतच नाही. आम्ही काय मुद्दाम करतो का?"

त्यानंतर आठ दिवसांनी ते गेले.

मी सकाळी पोचलो तेव्हा देह बाहेरच्या खोलीत ठेवला होता. मुलाने सत्कारातली शाल त्यांच्या अंगावर घातली होती. तिच्या घड्या अजून दिसत होत्या. त्याने हजेरीपत्रक माझ्या हातात दिलं. "तुमच्यासाठी ठेवायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "मला वाचता येतं. कळत काहीच नाही." मग तो फोनवर कुणाला तरी गुजरातीत स्मशानाची वेळ सांगू लागला.

खानदेशी बायका मयताला येतात त्या उंबऱ्यापासूनच गळा काढत. गेलेल्या माणसाला नात्याने हाक मारायची, तो काय करायचा ते सांगायचं, का टाकून गेलास ते विचारायचं. हे सगळं सुरात, आणि त्यांच्या बोलीत. गुरुजींनी मला याबद्दल सांगितलं होतं. हजेरीपत्रकातलं एक अख्खं पान त्यांनी त्यासाठी कोरं सोडलं होतं.

केवळबाई पुढे होत्या, मागे गल्लीतल्या बायका. उंबऱ्यावर केवळबाईंनी दोन्ही हात वर केले आणि आवाज लावला. इतका मोठा आवाज त्या बाईत असेल असं मला वाटलं नव्हतं. "टाकी कोठे गया रे मना भाऊ," एवढं झालं. सवयीने माझा हात वहीकडे गेला. पुढचा शब्द त्यांच्या तोंडात आलेला दिसला. त्याच वेळी त्यांची नजर गुरुजींच्या चेहऱ्यावर पडली.

हात खाली आले. एका हाताने पदर डोक्यावर ओढला गेला. मागच्या बायकांनीही पदर सारखे केले.

"गुरुजी," केवळबाई हात जोडून, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाल्या, "आपण फार लवकर गेलात. आम्हाला फार दुःख झाले आहे."

आणि त्या भिंतीपाशी नीट रांगेत बसल्या.