सहावा हात

कल्पना करा, तुमच्या उजव्या हातात चौदा पौंडांचा चेंडू आहे आणि साठ फुटांवर बोलिंगच्या दहा पिना, बाटलीच्या आकाराचे लाकडी खुंट, उभ्या आहेत. चार पावलं टाकायची, चौथं पाऊल डाव्या पायावर घसरत न्यायचं आणि त्याच क्षणी चेंडू सोडायचा. अंगाचा आणि चेंडूचा सगळा भार तेवढ्यापुरता एका वाकलेल्या गुडघ्यावर येतो. आता हेच एका दुपारी पन्नासेक वेळा करा, तेही गुडघ्यातली कूर्चा झिजलेली असताना आणि चेहऱ्यावर काही दिसू न देता.

जेराल्डिन पावलिक हे दोन वर्षं करत होती.

वय सहासष्ट. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या दक्षिण भागातल्या एका गिअरच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली. दात मोजायचे, हजारांश इंचाचा फरक दिसला की माल परत पाठवायचा. फोरमन चिडला तरी परत. नवऱ्याच्या बहिणीच्या जागी म्हणून ती १९७९ साली दर फेब्रुवारीत होणाऱ्या बोलिंगच्या या संघस्पर्धेत पहिल्यांदा खेळली, आणि तेव्हापासून एकही फेब्रुवारी चुकला नाही. पुढे स्पर्धेची सेक्रेटरी झाली. नियमांची वही तिच्या अक्षरात आहे. दरवर्षीची पुस्तिकाही तीच टाइप करते. त्यात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याचे तीन गेमचे तीन आकडे असतात.

स्पर्धेचं यंदा अठ्ठावन्नावं वर्ष. एकेकाळी नव्वद संघ यायचे, गेल्या वर्षी एकतीस आले. म्हणून कर्ट मालेकने ठराव आणला होता. कर्ट तेहतीस वर्षांचा इलेक्ट्रिशियन, समितीतला सगळ्यांत तरुण. त्याचं म्हणणं साधं होतं. आत्ता संघातले पाचही जण प्रत्येकी तीन पूर्ण गेम खेळतात, एका गेमच्या दहा फ्रेम म्हणजे पाळ्या, तेव्हा दर माणशी तीस फ्रेम, आणि अख्खी दुपार जाते. त्याऐवजी पाच जणांनी मिळून एकच गेम खेळावा. पहिल्याने पहिली आणि सहावी फ्रेम, दुसऱ्याने दुसरी आणि सातवी, असं पाचव्यापर्यंत. असे चार गेम. दर माणशी आठ फ्रेम, दीड तासात मोकळे. लहान मुलं असलेली माणसंही मग येतील.

तीसऐवजी आठ. जेराल्डिनने हा हिशेब ठराव वाचता वाचताच केला होता. तिचा गुडघा साधारण विसाव्या फ्रेमला दगा द्यायचा. जुनी पद्धत राहिली तर हा फेब्रुवारी तिला बाहेर बसून काढावा लागणार होता. नवी आली तर ती अजून काही वर्षं खेळू शकत होती. गुडघ्याचं तिच्या डॉक्टरशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि गेले तीन आठवडे तिला धड झोप नव्हती. भांडी घासताना मध्येच थांबायची, वाचलेलं पान पुन्हा वाचायची.

मंगळवारी ती आयरीन स्किबाच्या स्वयंपाकघरात बसली होती. आयरीन चौऱ्याहत्तरची, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, तिच्याच संघात पाचव्या क्रमांकावर खेळणारी, समितीतही असलेली. अजून एका गेमला एकशे ऐंशी गुणांच्या खाली येत नव्हती.

"आठ फ्रेम!" आयरीन कणकेवर लाटणं आपटत म्हणाली. "आठ फ्रेममध्ये माझा हातसुद्धा गरम होत नाही. आणि पुस्तिकेत काय छापणार तू? माझ्या नावापुढे?"

"संघाचा आकडा."

"संघाचा आकडा संघाने बघावा. मी माझा बघते." मग तिने लाटणं थांबवलं. "तुझं काय मत? खरं सांग."

"मी सेक्रेटरी आहे. मी मतं मोजते."

"तुलाही एक आहे की गं. नऊ जणांची समिती, ठराव पास व्हायला सहा हात लागतात. मोजलंय मी."

जेराल्डिनने कपाकडे पाहिलं. सांगायचं तर आत्ता, असं तिच्या मनात आलं. पण आत्ता सांगणं म्हणजे मैत्रिणीकडे मत मागणंच की. ती कॉफी प्यायली आणि बर्फाबद्दल बोलू लागली.

रविवारी एक वाजता, ठरावावरच्या समितीच्या बैठकीआधी, कर्टने नव्या पद्धतीचा एक गेम खेळून बघायचं ठरवलं. जेराल्डिन पहिली, आयरीन पाचवी, मधे समितीतले तिघे. पहिल्या फ्रेमला जेराल्डिनने नऊ पाडल्या, दुसऱ्या चेंडूत उरलेली एक. पाचव्या फ्रेमला आयरीनने चेंडू सोडला आणि दहाच्या दहा एकदम गेल्या, म्हणजे स्ट्राइक. या पद्धतीची गंमत अशी की स्ट्राइक एकीची आणि त्यावर मिळणारे जादा गुण पुढच्या खेळाडूच्या चेंडूंवर. म्हणजे आयरीनच्या स्ट्राइकची किंमत आता जेराल्डिन ठरवणार होती.

"वाया घालवू नकोस," आयरीन जागेवर बसता बसता म्हणाली. "पुन्हा टाकणार नाही मी."

"घालवली तर काय करशील?"

"पुढची साठ वर्षं ऐकवेन."

जेराल्डिन हसतच निघाली. डावा पाय घसरला, गुडघा वाकला, आणि काहीच दुखलं नाही. पिना लाकडाच्या गठ्ठ्यासारख्या कोसळल्या. परत वळताना ती मोठ्याने हसली, आणि मागोमाग तिला भीती वाटली. हे आपल्याला किती हवंय ते तिला त्या क्षणी कळलं.

गेम संपला. आयरीन गुणांच्या पडद्याकडे बघत उभी होती.

"माझं किती झालं?"

"आपलं एकशे अठ्ठ्याऐंशी, मिसेस एस," कर्ट म्हणाला. "मस्त झालं."

"आपलं विचारलं नाही रे. माझं."

कर्ट पडद्याकडे वळला. पडद्यावर तिचं नाव कुठेच नव्हतं.

बैठक बोलिंग हॉलमधल्या बारच्या कोपऱ्यातल्या दोन टेबलांवर झाली. अध्यक्ष नॉर्बर्ट गापिन्स्की कानातलं यंत्र नीट बसवत म्हणाला, "बोलायचं ते सगळ्यांचं बोलून झालंय. हात वर करा."

"थांब," जेराल्डिन म्हणाली. वही तिच्यापुढे उघडी होती. "मत घेण्याआधी एक सांगायचंय. माझा डावा गुडघा गेलाय. तीस फ्रेम मला आता जमत नाहीत, आठ जमतात. ठराव पास झाला तर फायदा माझा आहे. तेव्हा मी हात वर करणार नाही. ना इकडे, ना तिकडे."

"काय म्हणाली?" नॉर्बर्टने विचारलं.

"गुडघा गेलाय त्यांचा!" कर्ट त्याच्या कानाशी ओरडला. बारमधली चार-पाच डोकी वळली.

"कोणाचा?"

"माझा, नॉर्बर्ट," जेराल्डिन म्हणाली. तिचे कान तापले होते.

"मिसेस पी, असं नका करू," कर्ट खाली वाकून म्हणाला. "सहा लागतात. तुमच्याशिवाय पाचच होतात."

"सहाचा नियम मीच लिहिलाय, बाळा."

ठरावाच्या बाजूने पाच हात वर आले. तिने ते लिहिले. विरोधात दोन आले. आयरीनचा पंजा ग्लासाशेजारी टेबलावर सपाट पडलेला होता. ती हातांकडे बघत नव्हती, जेराल्डिनकडे बघत होती. मग तिचा हात उठला, खांद्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला.

जेराल्डिनने पेन धरून ठेवलं. "आयरीन, हे मत समजायचं का?"

"समज."

पाच विरुद्ध तीन. ठराव पडला.

बाहेर गाड्यांच्या काचांवर बर्फ धरला होता. दोघी शेजारी शेजारी आपापली काच खरवडत होत्या.

"मंगळवारी दोन तास माझ्यासमोर बसली होतीस," आयरीन म्हणाली.

"हो."

"आणि गुडघ्याचं आज सांगतेस. नॉर्बर्टबरोबरच मलाही."

"तुझ्याकडे मत मागितल्यासारखं झालं असतं गं."

"मग मागायचं होतंस. नाही म्हणायला मला काही जड नाही जात." आयरीनने खरवडणी मागच्या सीटवर फेकली. "तुला काय वाटलं, चाळीस वर्षं तुला ओळखणारी बाई तुला परकी आहे?" ती गाडीत बसली आणि काच अर्धीच साफ झालेली असताना निघून गेली.

सोमवारी जेराल्डिन संघाचा अर्ज भरायला बसली. पाच ओळी. पाचव्या ओळीत तिने आयरीनचं नाव लिहिलं, मधली तीन लिहिली, पहिली रिकामी ठेवली. बदली खेळाडू म्हणून कोणाला विचारायचं ते कर्टने सुचवलं होतं, मुलगी चांगली होती. ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. आपण प्रामाणिक वागलो याबद्दल तिला शंका नव्हती. माल परत पाठवायची सवय हाडात होती. तिला सतावत होता तो खांद्यापाशी थांबलेला हात. तिने दोनदा फोन उचलला आणि दोनदा खाली ठेवला. तिसऱ्यांदा आयरीनचा नंबर लावला, आणि घंटा वाजत असताना वाक्य मनात जुळवत राहिली: मंगळवारी, कोणी नसताना, तुझ्या स्वयंपाकघरात सांगितलं असतं, तर तो हात कुठल्या बाजूला गेला असता?