उडदाच्या वरणातली पुडी

आम्ही गाव सोडलं तेव्हा गॅसवर भात शिजत होता. घर सोडून शहरात जाणारी माणसं आधी महिनाभर त्यावर बोलतात, सामान बांधतात, देवापुढे दिवा लावतात. आमचं तसलं काहीच झालं नाही. भर दुपारी हे ओट्यावर बसल्या बसल्या लालेलाल झाले, छाती धरून वाकले, भडाभडा ओकले आणि आडवे पडले. शेजाऱ्यांची पिकअप टोमॅटोचे क्रेट घेऊन निघायच्या बेतात होती. क्रेट खाली उतरले आणि ह्यांना वर चढवलं. अक्का, तुम्ही मागून पळत येऊन माझी चप्पल माझ्या हातात दिलीत, ते मला अजून दिसतं. सासूबाई, आपल्या आत्याबाई, गाडीच्या फाळक्याला धरून ओरडत होत्या, "बापू, डोळे उघड रं! बापू!" कळवणच्या डॉक्टरांनी तपासलं, सलाइन लावलं आणि "लगेच नाशिकला न्या" म्हणाले. मला वाटत होतं, उद्यापर्यंत परत येऊ. आता तिसरं वर्ष चालू आहे.

थोरल्या जाऊबाई म्हणून तुम्ही दर फोनला एकच विचारता, "परत कधी येताय?" फोनवर मला नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहितेय. तुमच्यासाठी, आणि नवऱ्याला, भावाला, मुलाला औषध मिळावं म्हणून जिने गाव सोडलं अशा प्रत्येकीसाठी. अशा बऱ्याच आहेत, हे मला इथे आल्यावर कळलं.

ह्यांचं दुकान तुम्हाला माहीतच आहे. विहिरीवरची मोटार जळली की लोक ह्यांच्याकडे आणायचे. बारीक तांब्याची तार वेटोळं वेटोळं भरायची, एक वेटोळं चुकलं तर सगळं उसवायचं. तसल्या कामाला हात लागतो. आधी हे काम संपल्यावर प्यायचे, मग दुपारच्या जेवणाआधी, मग सकाळी हात थरथरतो म्हणून. हात स्थिर व्हावा म्हणून प्यायचं आणि प्यायल्यामुळेच पुन्हा हात थरथरायचा, असं ते चालू झालं आणि त्यातच दुकान गेलं.

उपाय काय कमी केले आपण? गडावर देवीपुढे नेऊन नारळावर हात ठेवायला लावला. ती शपथ गड उतरून पायथ्याची नांदुरी येईपर्यंत टिकली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तिथे औषध नावाला नव्हतं, नुसतं कुलूप होतं. हे परत आले ते माणसांना घाबरत आले आणि त्याच आठवड्यात पुन्हा सुरू झाले. सल्ले तर फुकटच होते. मी गोड बोलत नाही म्हणून पितो, असं म्हणणारे होते. मी फारच गोड बोलते म्हणून पितो, असं म्हणणारेही होते. मी दोघांचंही ऐकून घेतलं. मनात मात्र एकेकाला असं धुतलंय की विचारू नका.

त्या दिवसांत स्टँडच्या भिंतीवर ती जाहिरात लागली होती: न सांगता दारू सोडवा. आत्याबाईंना वाचता येत नाही, पण बाजारातला एक विकणारा तेच तोंडाने ओरडत होता. त्यांनी पुड्या आणल्या. कुणाला बोलल्या नाहीत, कारण पुडीचा नियमच तो होता, कुणाला कळलं तर गुण येत नाही. रोज ह्यांच्या ताटातल्या उडदाच्या वरणात चिमूटभर टाकत राहिल्या. प्यायल्यावर ह्यांचा चेहरा गरम व्हायचा, धडधडायचं. ह्यांना वाटलं, गुत्तेवाला भेसळ करतो. म्हणून त्या दुपारी गुत्ता बदलून चांगली महागातली प्यायले, आणि जरा जास्तच प्यायले.

नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टर मला विचारत होते, "कुठलं औषध चालू आहे का?" मी नाही म्हणत होते. आत्याबाई मागच्या जीपने येऊन पोचल्या होत्या. त्यांनी ऐकलं. कनवटीतून उरलेली पुडी काढून डॉक्टरांच्या हातावर ठेवली. "ही रोज देत व्हते," म्हणाल्या. त्या क्षणी त्या गप्प बसल्या असत्या तर काय झालं असतं, कोण जाणे. ह्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे, आणि ती पुडी आणली म्हणून कितीतरी महिने मी त्यांचं तोंडही बघू शकत नव्हते. दोन्ही खरं आहे.

हे पडल्या पडल्या ऐकत होते. दुसऱ्या दिवशी बोलता यायला लागलं तेव्हा आईला एकच विचारलं. "वरणात टाकत व्हती का?" त्यांनी मान हलवली. त्यानंतर ह्यांनी आईच्या हातचं खाणं सोडलं. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं ताट आलं की भूक नाही.

मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली ती मनोविकार विभागाची. मी पाटी वाचली. ह्यांना वेडं ठरवणार, गावात कळलं तर संपलंच, असं मनात आलं. आतल्या मॅडम माझ्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, "शुगर असते, बीपी असतं, तसा हा आजार आहे. शपथेने शुगर उतरते का?" मग आधी अंगातली दारू उतरताना फिट येऊ नये म्हणून काही दिवस वॉर्डात ठेवलं, औषधं दिली. हातांची थरथर थांबली. मग त्यांनी पुढच्या गोळ्यांचं समजावलं. पुडीत बहुतेक होती तसली गोळी त्यांच्याकडेही होती. घेतल्यावर दारू प्यायली की त्रास होतो, म्हणून माणूस पीत नाही. "ती मी काही जणांना देते," त्या म्हणाल्या, "पण समोर बसवून, धोका सांगून, त्याचा होकार असेल तर. चोरून कधीच नाही. तुम्हाला मात्र मी दुसरी सुचवते, तलफ कमी करणारी. लिव्हर तपासू. घ्यायची की नाही, तुम्ही सांगा."

हे मॅडमना म्हणाले, "म्हणजे मला विचारून देणार?"

अक्का, तेवढ्या वर्षांत त्यांना काही विचारलं होतं का हो आपण कुणी? त्यांच्याबद्दल सगळ्यांना विचारलं, देवालाही विचारलं. त्यांना नाही.

पहिले काही महिने आठवड्याला बोलवायचे, म्हणून नाशिकमध्येच सातपूरला खोली घेतली. आणि खरं कारण असं की, गावी चूल आत्याबाईंच्या हातात, तिथे गेलो असतो तर हे जेवले कुठे असते? गावात हसले म्हणे लोक, दारू सोडायला कुणी नाशिकला जातं का! खरंच आहे. वाईनच्या बाटल्यांवर स्वतःचं नाव मिरवणारं हे शहर. आमच्या खोलीपासून कंपनीच्या गेटपर्यंत जाताना परमिट रूम लागतात, देशीचं दुकान लागतं. पण इथे ह्यांच्याकडे बघून कुणी "आला बेवडा" म्हणत नव्हतं. मोटार वायंडिंगच्या कंपनीत आधी हेल्पर म्हणून घेतलं. हात बघून सुपरवायझरने मशीनवर बसवलं. मी खालच्या गाळ्यात फॉल-पिको करायला लागले. गावाकडे दिवस उन्हावर कळायचा, इथे शिफ्टवर कळतो. गावाकडे पाणी शेंदून दमायचे, इथे नळाची वाट बघून दमते. शेजारीण तीन महिने फक्त हसत होती, मग एकदम किल्लीच ठेवायला द्यायला लागली.

सरळ रस्ता नव्हता. कंपनीत दसऱ्याच्या पूजेनंतर हे मित्रांबरोबर प्यायले. गोळीही त्याआधी आठवडाभर बंद केली होती, बरं वाटतंय म्हणून. मी घरात आदळआपट केली. वाटलं, गेलं सगळं पाण्यात. ओपीडीत ह्यांनी स्वतःच सांगितलं. मॅडम चिडतील म्हणून मी खाली बघत होते. त्या म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. आजार उलटतो कधी कधी. पुन्हा सुरू करू." तेव्हापासून सकाळी चहाबरोबर मी गोळी हातावर ठेवते, हे घेतात. रुसवा असला तरी घेतात.

ओपीडीच्या बाकावर नामपूरचा एक जण भेटायचा. कांद्याच्या आडतीवर तोलाईचं काम. पाठीच्या दुखण्याला घेतलेल्या कॅप्सूलांची सवय लागली, ती वाढत वाढत इंजेक्शनपर्यंत गेली होती. त्याची गोळी वेगळी, जिभेखाली विरघळणारी. तोही इतक्या लांबून यायचा. एकदा म्हणाला, "वहिनी, घरना लोक म्हणतस, एक नशा सोडी नि दुसरी धरी. मी सकायले उठस, काट्यावर कांदा तोलस, पोरले शाळामा सोडस. याले नशा म्हणतस का?" घरच्यांच्या बोलण्याला कंटाळून त्याने मध्ये गोळी आपल्या मनाने थांबवली होती. पुन्हा आला तेव्हा निम्मा झाला होता. मॅडमनी त्याच्या बायकोला बोलावून घेतलं आणि समजावलं, ह्या गोळीने झिंग येत नाही, शरीर जागेवर राहतं, कमी करायची वेळ आली की आपण मिळून हळूहळू करू. आता त्याची बायकोच त्याला घेऊन येते. माझ्याशेजारी बसते, आम्ही कांद्याच्या भावावर बोलतो.

आत्याबाई येऊ लागल्या त्या थंडीत. कळवणच्या गाडीने निमाणीच्या स्टँडवर उतरायच्या, डबा घेऊन. पहिल्यांदा ताट वाढलं आणि हे "भूक नाही" म्हणून उठले. त्यांनी ताट झाकून ठेवलं. पुढच्या वेळी मात्र वाढलेलं ताट ह्यांच्यापुढून ओढून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवून स्वतः खाल्ला, वरून दोन घोट वरण प्यायल्या, आणि ताट पुन्हा ह्यांच्यापुढे सरकवलं. हे जेवले.

अक्का, तुम्हाला सांगायला नको. आत्याबाईंनी उभ्या जन्मात स्वयंपाक चाखून केला नाही. नैवेद्य व्हायच्या आधी कुणी बोट बुडवलं तर उलथन्याने हात शेकायच्या. मीठ त्यांना वासावर कळतं. त्या बाईने मुलाचं ताट उष्टं केलं, विष नाही हे दाखवायला. मला तिथे बसवेना. मी उगाच खाली जाऊन पाण्याची मोटार बघून आले.

तेव्हापासून प्रत्येक खेपेला तेच. वाढायचं, चाखायचं, सरकवायचं.  माझा राग कधी विरला, कळलं नाही, पण आता ह्यांचा राग यायला लागला. एकदा मी तोडून बोलले, "आई आहे ती तुमची. किती दिवस चाखायला लावणार?" हे म्हणाले, "मी कुठे लावतो? मला सगळं समजतं गं. पण तिने वाढलं की हात पुढे जात नाही." खोटं बोलत नव्हते. ह्यांच्या कपाळाला घाम आला होता. दारू सुटली होती पण हे सुटत नव्हतं, आणि ह्याला कुठल्या ओपीडीत गोळी नव्हती.

एकदा आत्याबाई हट्टाने आमच्याबरोबर दवाखान्यात आल्या. मॅडमसमोर बसल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "म्या त्याला मारायला नव्हती दिली वं बाई." मॅडम म्हणाल्या, "मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे." हे खिडकीकडे बघत होते. 

ह्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माझ्या भावाने हटूनच माहेरी बोलावलं. गाव सोडल्यापासून गेले नव्हते. अडचण गोळीची. हे एकटे घेतील, हे मला माहीत होतं, पण मॅडमचं म्हणणं, समोर कुणीतरी असावं. मी शेजारणीला सांगू का म्हटलं, तर हे दाढी करता करता म्हणाले, "आईला बोलव. ती देईल."

मी आत्याबाईंना गोळी दाखवली, पाकीट दाखवलं. मी नसताना कसं झालं, ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. पहिल्या सकाळी त्यांनी गोळी तळहातावर ठेवून हात पुढे केला आणि विचारलं, "बापू, ही तलफीची गोळी. देऊ का रं?" हे म्हणाले, "दे." एवढंच. पण तेवढंच त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं.

मी परतले त्या दुपारी आत्याबाईंनी आमरस केला होता. आम्ही तिघं पंगतीला बसलो. त्यांनी ह्यांचं ताट वाढलं, नेहमीसारखं स्वतःकडे ओढलं आणि पोळीला हात घातला. ह्यांनी ताटाची दुसरी कड धरली. ताट परत आपल्याकडे ओढलं, पोळी मोडली, रसात बुडवली आणि तोंडात घातली.

"बापू, म्या अजून खाल्लं नाय," त्या घाबरून म्हणाल्या.

"मग घे की वाढून," हे म्हणाले. "तुझं ताट कुठंय?"

अक्का, तुम्ही विचारता घरी कधी येणार. घरच त्या दुपारी मिळालं हो, इतक्या वर्षांनी. आता ते सातपूरला असावं की गावाला, एवढंच ठरवायचं राहिलंय.